डब्यातली बिअर

लीड्समध्ये माझ्या फ्लॅटपासून चालत सात मिनिटांवर एक दुकान आहे. पुढच्या अर्ध्या भागात रंग, ब्रश, खिळे, कुलपं. मागच्या अर्ध्या भागात घरी बिअर करायचं सामान. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी मी तिथे बल्ब आणायला गेलो होतो आणि मागच्या भागात अडकलो. डावीकडच्या फळीवर डबे होते. १.७ किलोचे, गुळाच्या काकवीसारखा घट्ट अर्क भरलेले, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली यीस्टची पुडी. उजवीकडे पोती होती. जवाचं माल्ट, भाजलेलं माल्ट, गव्हाचं माल्ट आणि फ्रीजमध्ये हॉप्सची चांदीच्या रंगाची पाकिटं.

दुकानातले आजोबा म्हणाले, पहिल्यांदाच करणार असाल तर डबा घ्या. शेजारी उभं असलेलं दुसरं गिऱ्हाईक लगेच म्हणालं, डबा घेऊ नका, ती खरी बिअरच नव्हे. मग ते दोघं आपसांत बोलत राहिले, अगदी पुण्यात दोन माणसं मिसळीवरून बोलतात तसं, आणि मी डबा घेऊन घरी आलो. बल्ब विसरलो.

हा लेख त्या दोघांच्या भांडणाविषयी आहे. सुरुवातीला मला ते हौशी लोकांचं फुटकळ भांडण वाटलं होतं. मागे मागे जात राहिलो तेव्हा दिसलं की त्यात कर आहेत, जहाजं आहेत, अमेरिकेतली दारूबंदी आहे आणि अलिबागजवळचा आमचा एक माडही आहे.

आधी डब्यात नक्की काय असतं ते सांगतो. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण लहान मुलांना देतो, ते माल्टच. जवाचंही तेच करतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. मग भरडलेलं माल्ट ६५-६८ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवलं की ती एन्झाइम स्टार्चची साखर करतात. हे गोड पाणी गाळायचं, त्यात हॉप्स टाकून तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालायचं. बिअर म्हणजे एवढंच. डबा बनवणारा कारखाना यातलं जवळजवळ सगळं आधीच करून ठेवतो. गोड पाणी काढतो, हॉप्सचा कडवटपणा त्यात मिसळतो आणि कमी दाबाखाली पाणी उडवून काकवी करतो. तुमच्याकडे उरतं ते एवढंच: डबा उघडा, गरम पाणी घाला, किलोभर साखर घाला, गार पाण्याने २३ लिटर करा, वर पुडी भुरभुरवा. मला पंचवीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा बादली निर्जंतुक करण्यात गेली.

माझ्या धंद्यातल्या लोकांना एका वाक्यात कळेल: एक तयार इमेज खेचून चालवणं आहे, दुसरं सोर्सपासून कंपाइल करणं.

डब्यातली बिअर वाईट झाली नाही. जरा पातळ, सफरचंदासारखा किंचित आंबूस वास, पण बिअर. ऑफिसातल्या तिघांनी आनंदाने प्यायली. मी व्हिडिओ कॉलवर बाटली बाबांना दाखवली. बाबा पीत नाहीत, पण त्यांनी सगळी कृती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग यात तू काय केलंस?"

मला उत्तर आलं नाही. डबा कधीपासून आहे हे शोधायला मी त्या रात्री बसलो, ते थोडं या रागातूनच.

मला सापडलेला सगळ्यात मजेदार डबा कॅप्टन कुकच्या जहाजावर होता. १७७२ साली 'रेझोल्यूशन' दक्षिण समुद्राकडे निघालं, तेव्हा आरमाराला स्कर्व्हीची धास्ती होती. माल्टने स्कर्व्ही बरी होते असं तेव्हाच्या काही वैद्यांचं मत होतं. म्हणून जहाजावर माल्ट तर होतंच, शिवाय आटवून घट्ट केलेल्या वर्टची पिंपंही होती. वर्ट म्हणजे वर सांगितलेलं ते गोड पाणी. कल्पना अशी की समुद्रात पाणी घालायचं, आंबवायचं आणि खलाशांना ताजी बिअर द्यायची. पिंप लाकडी होतं एवढं सोडलं तर माझ्या डब्यात आणि त्यात तत्त्वाचा काहीच फरक नाही. १७७३ साली न्यूझीलंडच्या डस्की साउंडमध्ये जहाज थांबलं, तेव्हा कुकच्या माणसांनी तिथल्या रिमू झाडाची पानं आणि फांद्या उकळल्या, मानुकाची पानं घातली, त्यात हा आटवलेला वर्ट आणि काकवी मिसळून बिअर केली. बाकी सगळं इंग्लंडहून आणलेलं, कडवटपणा मात्र समोरच्या रानातला. (माल्टमध्ये क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, त्यामुळे औषध म्हणून हे फसलं. पण ते प्यायला कुणी कुरकुर केली नसावी.)

म्हणजे तयार अर्क हा आळशी माणसासाठी निघालेला शोध नव्हता. ज्याच्याकडे धान्य ठेवायला जागा नाही, वेळ नाही आणि घर हजारो मैल दूर आहे, त्याच्यासाठी तो होता. सव्वादोनशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मला हे वाचून जरा बरं वाटलं.

घरी मात्र इंग्लंडमध्ये बिअर धान्यापासूनच व्हायची आणि सरकारला ते ठाऊक होतं. १६९७ पासून तिथे माल्टवर कर होता. तुम्ही बिअर विका किंवा आपल्याच स्वयंपाकघरात करा, माल्ट घेताना कर भरलेला असायचाच. विल्यम कॉबेट नावाच्या एका तापट लेखकाने १८२१-२२ साली 'कॉटेज इकॉनॉमी' लिहिलं, त्यात मजुराने घरी बिअर कशी करावी ते सविस्तर सांगितलं आणि चहाला मनसोक्त शिव्या घातल्या. चहाने माणूस दुबळा होतो, बिअरने नाही, असं त्याचं म्हणणं. मला त्यातला चहावरचा राग गमतीचा वाटतो, पण त्याचा दुसरा मुद्दा पक्का आहे: माल्टवरच्या कराने गरिबाच्या घरातली बिअर मारली. घरात करण्याची रीत एका पिढीत तुटली की पुढच्या पिढीला ती पुस्तकातूनच शिकावी लागते, आणि कॉबेट नेमकं तेच पुस्तक लिहीत होता.

१८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढला आणि त्याऐवजी तयार होणाऱ्या बिअरवर कर बसवला. कागदावर सुधारणाच. पण त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागू लागला. पुढची त्र्याऐंशी वर्षं हा परवाना राहिला. एप्रिल १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंगने अर्थसंकल्पात तो रद्द केला. आपल्यापुरती, न विकता, हवी तेवढी बिअर करा. आजही ब्रिटनमध्ये तेच आहे.

परवाना गेला, पण हात कुणाचेच वळलेले नव्हते. आजीने केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ही पोकळी डब्यांनी भरली. सत्तरच्या दशकात औषधं विकणाऱ्या 'बूट्स'च्या दुकानांतही बिअरचे किट मिळत होते. खोकल्याचं औषध, दाढीचा साबण आणि चाळीस पाइंट बिअर, सगळं एकाच काउंटरवर.

इथे एक योगायोग सांगतो, त्यातून काही सिद्ध होत नाही. त्याच १९६३ साली पुण्यात 'गिट्स' सुरू झालं. गुलाबजामचं, ढोकळ्याचं पाकीट. आमच्या घरी दिवाळीत खव्याचे गुलाबजाम करायचे की पाकिटाचे, यावर आई आणि आत्या यांच्यात मी अनेक वर्षं जे ऐकलं, ते लीड्सच्या त्या दुकानात इंग्रजीतून पुन्हा ऐकलं. आत्याचं म्हणणं, पाकिटाचे कधी बिघडत नाहीत. आईचं म्हणणं, म्हणूनच ते सगळे सारखे लागतात. दोघींचंही बरोबर आहे आणि म्हणून ते भांडण अजून मिटलेलं नाही.

अमेरिकेत गोष्ट उलटी झाली. तिथे डबा आला तो बंदीच्या काळात. १७ जानेवारी १९२० ला दारूबंदी लागू झाली. मिलवॉकी आणि सेंट लुईसच्या बिअर कंपन्यांकडे मोठमोठी पातेली होती, माल्ट होतं आणि विकायला काही नव्हतं. मग पॅब्स्टने माल्टचा अर्क विकायला काढला, बडवायझर बनवणाऱ्या अनहायझर-बुशने माल्ट सिरप काढलं, सोबत यीस्टही. डब्यावर पाव आणि बिस्किटांचं नाव. काही डब्यांत हॉप्सचा अर्कही मिसळलेला. पाव कडू का हवा, हा प्रश्न कुणी विचारायचा नव्हता. घरी सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा रस ठेवायला कायद्यात पळवाट होती, बिअरला नव्हती. तरी डबे खपत राहिले आणि तळघरांत बाटल्या फुटत राहिल्या, कारण लोक पावाचं यीस्ट घालून, आंबणं पूर्ण व्हायच्या आतच बूच लावत.

या काळातला एक खटला मला विशेष वाटतो. १९३० साली डॅनोवित्झ नावाच्या व्यापाऱ्याचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच्याकडून जप्त झालं होतं ते म्हणजे रिकामी पिंपं, बाटल्या, बुचं, लेबलं. दारूचा थेंबही नाही. न्यायालय म्हणालं, बेकायदा दारूसाठीच हे सामान असेल तर ते जप्त करता येतं. डबा विकणारी मोठी कंपनी पाव म्हणून सुटली, बुचं विकणारा अडकला. सुट्या सामानात हेतू दिसतो. डब्यात तो लेबलाखाली झाकता येतो.

डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली. घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअरला मिळाली नाही. ती यायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टरने सही केली: एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. तरी राज्यांचे कायदे वेगळेच होते. मिसिसिपी आणि अलाबामा शेवटी २०१३ मध्ये तयार झाले.

या मधल्या काळात दोन इंजिनिअर महत्त्वाचे. एक इंग्रज, डेव्ह लाइन, विजेचा इंजिनिअर. १९७४ साली त्याचं 'द बिग बुक ऑफ ब्रूइंग' आलं. डब्यांच्या ऐन बहरात तो सांगत होता की हे सगळं तुम्ही धान्यापासून, घरातल्या बादलीत करू शकता. दुसरा अमेरिकन, चार्ली पपाझियन. अणुऊर्जेचा इंजिनिअर झालेला आणि कोलोरॅडोत शाळामास्तर म्हणून काम करणारा. कायदा बदलायच्या आधीपासून तो बोल्डरमध्ये घरी बिअर करायचे वर्ग घेत होता. १९७८च्या डिसेंबरमध्ये त्याने घरी बिअर करणाऱ्यांची संघटना काढली आणि १९८४ साली त्याचं प्रसिद्ध पुस्तक मोठ्या प्रकाशकाकडून आलं.

पपाझियनने जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्याने डब्याला नाक मुरडलं नाही. पुस्तकाची सुरुवातच अर्कापासून. आधी अर्क वापर, पण साखर कमी कर. मग अर्काबरोबर थोडं भाजलेलं माल्ट भिजव, हॉप्स स्वतः उकळ. मग जमलं तर पूर्ण धान्य. दुकानातल्या त्या दोघांना मी हे सांगायला हवं होतं: मधे पायऱ्या आहेत. आणि डब्याची म्हणून जी चव सांगतात ती बऱ्याचदा जुन्या, फळीवर पडून काळपट झालेल्या अर्काची असते. ताजा अर्क आणि ताजं यीस्ट घेतलं, किलोभर साखरेऐवजी आणखी अर्क घातला, तर पुष्कळांना फरक ओळखता येत नाही. मला आला नाही. मी डोळे बांधून करून पाहिलं.

पण पायऱ्या चढायला वरचा जिना कुणीतरी उघडा ठेवावा लागतो. केन ग्रॉसमनने १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरच्या बिअरच्या सामानाचं दुकान काढलं. चांगले हॉप्स छोट्या गिऱ्हाइकाला मिळत नसत. कॅस्केड नावाची नवी जात १९७२ मध्येच बाजारात आली होती, लिंबू-चकोतऱ्याच्या वासाची. ग्रॉसमनने पुढे सिएरा नेव्हाडा ही ब्रूअरी काढली आणि १९८० पासून त्याच कॅस्केडची पेल एल केली. आज आपण ज्याला क्राफ्ट बिअर म्हणतो त्यातली निम्मी चव त्या वाटेने आली आहे. डब्यात कॅस्केड नव्हता. डबा बनवणाऱ्याने जे निवडलं तेच डब्यात असतं.

इथवर वाचत आलो आणि मग बाबांचा प्रश्न दुसऱ्या बाजूने आठवला.

आम्ही अलिबाग तालुक्यातले भंडारी. माडावर चढून माडी काढणं हा आमच्या घरचा धंदा होता, पणजोबांपर्यंत तरी. १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टनने घरच्या परवान्याची व्यवस्था केली त्याच्या दोन वर्षं आधी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत झाडावरचा कर भरमसाठ वाढला. ज्या माडाला मडकं लावायचं त्या प्रत्येक माडाचा कर. भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध बराच काळ आरडाओरडा केला. मोहाच्या दारूचं काम उरणच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेलं. १८९२ साली याच दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. दारूचा नव्हे, फुलांचा. आदिवासी पाड्यातलं माणूस दुष्काळात जी फुलं भाजून खातं, ती घरात साठवणंही संशयाचं झालं. डॅनोवित्झच्या बुचांचा तर्क अडतीस वर्षं आधी, आपल्याकडे.

ब्रिटिश सरकारला मायदेशात आणि कोकणात एकच गोष्ट ठाऊक होती: घरात काय आंबतंय हे मोजता येत नाही, पण कच्चा माल मोजता येतो. माल्ट, माड, मोह. फरक हा की तिथे १९६३ साली गाठ सुटली. इथे १९५० साली मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. पुढे ती सैल झाली, पण १९४९चा कायदा आजही आहे. त्यात मोहाची फुलंही आहेत. मी लीड्समध्ये बादलीत जे करतो, ते परवान्याशिवाय अलिबागला केलं तर गुन्हा. डबा आणला तरी आणि पोतं आणलं तरी.

आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या वेळी कागदावर आमच्या माडांना फक्त नारळ लागत. कागदाबाहेर विहिरीकडच्या एका माडावर मडकं असायचं. हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. मी तिकडे डॉक्टर-इंजिनिअर मुलांच्या घरात वाढलो, जिथे माडी हा शब्द उच्चारला की आई विषय बदलायची.

जानेवारीत मी पाच किलो माल्ट आणलं. पुस्तकं वाचून झाली होती, तापमानाचा तक्ता केला होता. साडेसहा तास लागले. पाणी जास्त गरम झालं, थर्मामीटर ७४ दाखवत होता आणि ते मला वीस मिनिटांनी कळलं. एवढ्या तापमानात स्टार्च फुटतो, पण जी साखर यीस्टला पचते ती कमी होते. त्यात भरडा खाली लापशीसारखा बसला आणि गाळणी तुंबली. सुरुवातीची घनता १.०४८ होती, दोन आठवड्यांनी १.०२२ वर अडकली. ही बिअर डब्यापेक्षा वाईट होती. गोड, जड, चिकट. ऑफिसातल्या तिघांनी एकेक घोट घेऊन हवामानाचा विषय काढला. पण "यात तू काय केलंस?" याला आता माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते तापमानासकट देता येत होतं.

एक गोष्ट मला कुठल्याच फळीवर दिसली नव्हती, ती नॉर्वेतून कळली. लार्स मारियुस गारशोल नावाचा एक नॉर्वेजियन सॉफ्टवेअर इंजिनिअर गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या घरची बिअर नोंदवतो. त्याचं २०२० सालचं पुस्तक मी दोन रात्रींत वाचलं. तिथे काही घरांनी यीस्ट पिढ्यान् पिढ्या जपलं आहे, लाकडाच्या कड्यांवर वाळवून. त्याला 'क्वाइक' म्हणतात. ते ३५-४० अंशांतही नीट काम करतं, जिथे माझी पुडी हात टेकेल. तिथे धान्य विकत घेतलं तरी चालतं. यीस्ट मात्र घरचं.

एप्रिलमध्ये बाबा पंधरा दिवस राहायला आले. मी क्वाइकची पाकिटातली पूड आणून तिसरी बिअर लावली होती, यावेळी ६६ अंशांवर. बादली रेडिएटरजवळ होती आणि झाकणावरच्या नळीतून बुडबुडे येत होते. बाबांनी गाळलेल्या भरड्याचा वास घेतला. मग मी यीस्टची पूड दाखवली, तेव्हा म्हणाले, "हे विकत आणायला लागतं?"

मग त्यांनी सांगितलं. नीरा हवी असेल तर अण्णा मडक्याला आतून चुना लावत, म्हणजे रस आंबत नाही. माडी हवी असेल तर चुना नाही आणि मडकं घासायचंही नाही, नुसतं विसळायचं. नवं मडकं लागलं की अण्णा जुन्यातली थोडी माडी त्यात फिरवून ओतून देत. आईने ते मडकं एकदा राखेने लख्ख घासलं, तेव्हा अण्णा दोन दिवस बोलले नव्हते.

"ते मडकं आहे कुठे?" मी विचारलं.

"फुटलं. शाहाऐंशी-सत्याऐंशीला. मग कुणी लावलं नाही." जरा वेळाने म्हणाले, "तुझी अ‍ॅडमिशन आणि तुझ्या आईची नोकरी, यात मडकं कुठे बसणार होतं?"

तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण मी ते दुरुस्त केलं नाही.

बाबा गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि बादलीला कान लावला. बराच वेळ. अण्णा माडावरून उतरवलेल्या मडक्याला असाच कान लावायचे म्हणे, आवाजावरून सांगायचे दुपारपर्यंत टिकेल की नाही. मग त्यांनी झाकण चारी बाजूंनी दाबून पाहिलं आणि चहा टाकायला उठले.